जळल्या कड्यावरची म्होरकी

ग्लेनिस टुही खुर्चीत बसून पुरतं जेवली अशी कोणाला आठवण नाही. स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उभ्यानेच ती खायची, एका हातात टोस्ट आणि दुसऱ्या हातात फडकं. स्वतःच्या दोन्ही लग्नांत ती मधेच उठून वाढणाऱ्यांना "तसं नाही, असं" म्हणून सांगून आली होती. पहिला नवरा तीन वर्षांत निघून गेला. जाताना म्हणाला, "या घरात मला एक वाक्य पुरं करता आलेलं नाही." दुसरा, लेन, मुळातच वाक्यं सुरू करायचा नाही, म्हणून मरेपर्यंत टिकला.

ती डोंगरातली शाळेची बस चालवायची. वळणावळणाच्या रस्त्यावर पोरं तिच्या बसमध्ये चिडीचूप, कारण आरशातून तिची नजर यायची ती शेवटच्या बाकापर्यंत. निवृत्तीनंतर बस गेली, पण पुढे बसून मागच्यांना हाकायची सवय गेली नाही. गावच्या भटक्यांच्या क्लबाला अशी बाई हवीच होती. एक शनिवार आड क्लब रानात निघायचा आणि म्होरकी ग्लेनिस. सगळ्यांत मागे नोएल, जन्मभर मालगाडी चालवलेला शांत, लाजाळू गडी. त्याला सगळे 'शेपूट' म्हणत आणि त्याला ते आवडे. क्लबाचे नियम दोनच. म्होरकीच्या पुढे कोणी जायचं नाही, शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही. आडोशाला जायचं असेल तर सॅक पायवाटेवर ठेवून जायचं. शेपटाला सॅक दिसली की त्याने तिथे उभं राहायचं, सॅकची मालकीण परत येईपर्यंत हलायचं नाही. एवढ्यावर क्लबाने इतकी वर्षं कोणाला हरवू दिलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मात्र ग्लेनिसला कोणाला हरवू द्यायचं नव्हतं ते वेगळ्या अर्थाने. तिची शेजारीण कोरल बॅनिंग सोमवारी आपली जागा विकण्याच्या कागदावर सही करणार होती आणि ॲडलेडला मुलाकडे कायमची निघून जाणार होती. ग्लेनिसला ते होऊ द्यायचं नव्हतं. तिच्या हातात हा एक दिवस होता.

कोरल गावच्या पोस्टात खिडकीवर बसायची. हळू बाई. एक कप चहा तासभर पुरवणारी. या दोघींचं कसं जमलं हे गावाला कोडंच होतं, पण कुंपणाच्या दोन फळ्या काढून त्यांनी वाट केली होती आणि त्या वाटेवर तीस वर्षांत कधी गवत उगवलं नाही. मग गेल्याच्या गेल्या डिसेंबरात, तिकडच्या भर उन्हाळ्यात, आग आली. रानातली आग डोंगर चढून वर आली, वारा फिरला, आणि गल्लीच्या टोकाची चार घरं गेली. कोरलचं गेलं. लागून असलेलं ग्लेनिसचं राहिलं. कोरल वेळेत बाहेर पडली होती, नेसत्या कपड्यांनिशी आणि मांजरासकट. ग्लेनिस पंप आणि नळी घेऊन मागे थांबली होती.

त्यानंतर चौदा महिने ग्लेनिसने बूड टेकलं नाही. कोरल खाली नदीकाठच्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली, तर ही रोज सकाळी फोन, दर बुधवारी मटणाचं भांडं घेऊन हजर. घराचे नकाशे आणले. रोपं आणली. आपल्या अंगणात जुनी कॅराव्हॅन, चाकांवरची खोली, आणून उभी केली, "बांधकाम होईपर्यंत राहा हिच्यात." कोरल प्रत्येक वेळी म्हणायची, "छान आहे गं." आणि चहाचा घोट घ्यायची. आणि एक दिवस तिने तशाच आवाजात सांगितलं की जागा विकते आहे.

ग्लेनिसकडे शेवटचं अस्त्र होतं फुलांचं. गुलाबी फ्लॅनेल फुलं. त्यांचं बी कातळावरच्या वाळूत वर्षानुवर्षं पडून राहतं, आग होऊन गेली आणि वर पाऊस झाला तरच पुढच्या वर्षी उगवतं, एक उन्हाळा फुलतं आणि पुन्हा वीस वर्षं नाव घेत नाही. मागच्या वेळी फुलली तेव्हा कोरल आईच्या दुखण्यात अडकली होती. "एकदा डोळे भरून बघायची आहेत बाई," असं ती कितीदा म्हणाली असेल. आता फुलली होती. ग्लेनिसने आठवड्यापूर्वी जाऊन खात्री करून घेतली होती. हे रान एकदा बघितलं की कोरल डोंगर सोडून जाणं शक्य नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. तिने ठरवलं की ते झालंच, असा तिचा जन्मभराचा समज.

"बूट!" गाड्या लावल्या तिथेच ग्लेनिस ओरडली. "तळवे घासा. फवारा मारा. मुळं कुजवणाऱ्या रोगाची माती माझ्या कड्यावर नको."

"तुझा कडा कधीपासून?" नोएल म्हणाला.

"तू घास."

"घासतोय. आता तळवा जाऊन मोजा राहील."

कोरल आली, सावकाश गाडीतून उतरली, सावकाश टोपी घातली. ग्लेनिसने तिच्या सॅकचे पट्टे स्वतःच ओढून घट्ट केले.

"अगं, मला श्वास घ्यायचाय."

"वर जाऊन घे. तू आज माझ्या मागेच चाल."

"मी नोएलबरोबर येते मागून. तू पळतेस."

"मी पळत नाही."

"ग्लेनिस, तू झोपेतसुद्धा पळतेस. लेन सांगायचा."

सगळे हसले. ग्लेनिसही हसली, पण तिचा बेत तिथेच फसला. म्होरकी पुढे आणि कोरल शेपटाशी. मधे दहा माणसं. नियम तिचेच, मोडायचे कसे?

वाट चढायला लागली. दोन्ही बाजूंना काळी खोडं, आणि त्या खोडांना तळापासून शेंड्यापर्यंत हिरव्या पालवीची लव फुटलेली, जणू झाडांनी लोकरीच्या बाह्या चढवल्या आहेत. बँक्सियाच्या झुडपांची बोंडं आगीत उघडून चोची वासून बसली होती. कातळाचे पापुद्रे आगीने उडाले होते आणि आतला दगड नव्या पावासारखा पिवळा दिसत होता. जळक्या काटक्या अंगाला घासत होत्या, त्यामुळे तासाभरात सगळ्यांच्या विजारींवर काळे पट्टे उमटले. ग्लेनिस दहा पावलं चालायची, वळून बघायची. कोरलची टोपी मागे, फार मागे, संथ डुलत. पुन्हा दहा पावलं, पुन्हा वळायची. काय बोलायचं ते तिने गाडीत पाठ केलं होतं. आता चढावर त्यातलं एकेक वाक्य गळत होतं.

पहिल्या सपाट कातळावर चहाला थांबले. थर्मास उघडले, फळांचा केक निघाला. क्लबात नवी आलेली शेरिल नावाची बाई फोटो काढत सुटली होती.

"काय हिरवं झालंय बघा! म्हणजे आग वाईट नसतेच हो. रान अशीच आपली झाडलोट करतं. सगळं कसं स्वच्छ करून पुन्हा नव्याने!"

नोएलने आपल्या कपात डोकं घातलं. कोरल केकचा तुकडा कागदात गुंडाळत म्हणाली, "हो, स्वच्छ झालं खरं."

शेरिलला कोणी सांगितलं नसावं. पण खरं सांगायचं तर तिचं तेवढं चुकलं नव्हतं. त्या डोंगरातली सगळीच रानवेडी माणसं त्या वर्षभर तसंच बोलत होती. 'बघा, कसं परत येतंय!' ग्लेनिसही बोलत होती. जळलेल्या रानाचं कौतुक करायला घर शाबूत असावं लागतं, एवढंच.

ग्लेनिस केक घेऊन कोरलशेजारी गेली. "कोरल, मला जरा बोलायचंय—"

"बोल."

"सोमवारचं—" एवढ्यात तिला दिसलं की कोणीतरी केळ्याची साल झुडपात टाकली. "ए! साल! उचल ती! रान म्हणजे काय तुझ्या घरचं डबडं आहे?" आणि ती उठून गेली. परत आली तेव्हा कोरल सॅक पाठीला लावत होती.

तिथून पुढे चढ उभा होता आणि एक नवीनच पंचाईत होती. झुडपं जळून गेल्यामुळे आडोसाच उरला नव्हता. पूर्वी दोन पावलं बाजूला गेलं की माणूस दिसेनासा व्हायचा. आता मोठा खडक शोधत पार लांब जावं लागे. वाटेवर सॅका पडायच्या, नोएल त्यांच्यापाशी पाठ वळवून उभा राहायचा, आणि रांग लांबत जायची.

ग्लेनिस माथ्यावर पोचली आणि फुलं समोर आली. अख्खा उतार. राखेच्या काळ्या वाळूवर गुडघ्याएवढी रोपं आणि फुलं इतकी दाट की कातळालाच गुलाबी बुरशी आल्यासारखी. पाकळ्या लोकरीच्या, बोट लावलं तर मांजराच्या कानासारख्या. मग एकेक जण गुडघ्यावर आला, कोणी पालथा पडून फोटो काढायला लागला. शेरिल चक्क रडत होती.

ग्लेनिसने फुलांकडे बघितलंच नाही. ती वाटेकडे तोंड करून उभी होती. रांगेतला शेवटचा माणूस वर आला. मग कोणी नाही. तिने शीळ घातली. पलीकडून काळे काकाकुवे कर्कश ओरडले, एवढंच. वर आलेल्यांचा पहिला चहा संपला तरी कोरल नाही, नोएल नाही.

"शेरिल! तू इथे थांब. कोणी कडेला जायचं नाही. फुलांवर बसायचं नाही. आलेच मी."

"पण म्होरकीने सोडून जायचं नसतं ना?"

"आता तू म्होरकी!" म्हणत ती उतरू लागली. त्या रानात कडे सांगून येत नाहीत. चार पावलांवर वाळू असते, पाचव्यावर नुसती हवा. ग्लेनिसच्या मनात नको ते येत होतं, आणि ते येऊ नये म्हणून ती आणखी जोरात उतरत होती. दोनदा घसरली. तळहात सोलले.

खालच्या वळणावर नोएल उभा होता, रानाकडे पाठ करून, दगडी पुतळ्यासारखा. पायाशी कोरलची निळी सॅक.

"नोएल! कोरल कुठाय?"

"सॅक इथे आहे. म्हणजे ती तिकडे आहे."

"किती वेळ झाला?"

"झाला बराच."

"मग बघायला नाही गेलास?"

"बाईमाणूस आडोशाला गेली आहे, मी काय बघायला जाऊ? नियम म्हणतो उभं राहा. उभा आहे. मान आखडली माझी."

"हाक तरी मारायची!"

"मारली की दोनदा. तिसरी मारली असती तर बरं दिसलं नसतं."

ग्लेनिसने त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती वाट सोडून आत घुसली. राखेत बुटांचे ठसे स्पष्ट होते, शांत, सारख्या अंतरावरचे. ते एका मोठ्या खडकाला वळसा घालून पुढे गेले होते, कड्याच्या दिशेने. "कोरल!" ती ओरडली. आवाज चिरकला.

"इथे आहे मी. ओरडू नकोस."

कड्याच्या अलीकडे, बऱ्यापैकी अलीकडे, सपाट दगडावर कोरल बसली होती आणि कागदातला केक बारीक तुकडे करून खात होती.

"तू— इथे— तिकडे नोएलची मान आखडली आहे! मला वाटलं— फुलं वर आहेत, इथे काय करतेस?"

"बस."

"बसायला वेळ कुठाय, सगळे वर—"

"ग्लेनिस. बस."

ती बसली. समोर घळ होती आणि घळीपलीकडे गाव. पूर्वी या दगडावरून काही दिसत नसे. आता मधली झाडं काठ्यांसारखी उभी होती आणि त्यांतून त्यांची गल्ली स्वच्छ दिसत होती. ग्लेनिसचं हिरवं छप्पर. शेजारी दात पडावा तशी जागा.

"दोन वर्षांत झाडं दाट होतील," ग्लेनिस भराभर म्हणाली. "आणि तू बांधायला काढलंस तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत भिंती उभ्या राहतील, मी त्या माणसाशी बोलले आहे, आणि आधी वर चल, फुलं बघ, मग ठरव. तुझ्यासाठीच आणलंय सगळ्यांना. तुला बघायची होती ना?"

"मी बघितली."

"कधी? कुठे?"

"जानेवारीत. माझ्या जागेवर. मागे न्हाणीघर होतं बघ, तिथली फरशी तडकली आहे. त्या फटींतून आली आहेत, आणि मागच्या कातळावर. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. मग फुलली."

"अगं, मग मला सांगायचं नाही? मी तर शेजारी राहते!"

"तुला सांगितलं असतं तर तू हा सगळा क्लब कॅमेरे घेऊन माझ्या न्हाणीघरात उभा केला असतास."

ते खरंच होतं. मग ग्लेनिसच्या डोक्यात दुसरं शिरलं. "पण मला कशी दिसली नाहीत?"

कोरलने केकचा कागद घडी करून खिशात ठेवला. "तुला कशी दिसतील? त्या बाजूच्या खिडकीचा पडदा तू आगीनंतर वर केलेला नाहीस. मी चारदा येऊन गेले. एकदा कुंपणापाशी उभी होते, तुझ्या मोरीतल्या नळाचा आवाज येत होता. तू माझ्याकडे शहरात रोज फोन करतेस, बुधवारी धावत येतेस. पण माझी जागा तू एकदाही बघितलेली नाहीस."

घळीतून वारा वर आला. ग्लेनिसचे सोललेले तळहात चुरचुरत होते.

"तुझा पोर्च पेटला ना," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं अडखळलं, "तेव्हा टाकीत पाणी होतं. थोडं होतं. मी नळी माझ्या पन्हळीवर धरली होती. मी तुझ्याकडे बघितलं आणि— वळवली नाही."

"ठाऊक आहे मला. तुझ्या छपराचा रंगसुद्धा उडाला नाही, ते काय मला दिसत नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुझ्या जागी मी असते तर मीही माझंच घर भिजवलं असतं. तुझ्यावर एक थेंब उडवला नसता. आणि वर तुझ्यासारखं मटणही आणलं नसतं."

ग्लेनिस हसायला गेली आणि भलतंच झालं. नाक पुसायला रुमाल सापडेना. कोरलने आपला दिला.

"सही मी करणार, ग्लेनिस."

"पण आता तर—"

"आता तर काय? मी तिथे घर बांधलं की तू रोज सकाळी काहीतरी घेऊन येणार, आणि आलीस की तुझ्या तोंडावर हेच असणार. मला ते बघत म्हातारं व्हायचं नाही. तुझ्यावर रागवायचंही नाही, आणि जवळ राहिले तर रागावेन. इतके दिवस तू मला एक कप चहाभर दुःख करू दिलेलं नाहीस. तिकडे मुलगा दिवसभर कामावर असतो. बसेन निवांत."

एरवी ग्लेनिसकडे याला दहा उत्तरं असती. आत्ताही ती आली, ओठांपर्यंत आली. तिने रुमालाचा बोळा केला, सोडवला, पुन्हा केला.

"किती वाजता सही?" तिने शेवटी विचारलं.

"दुपारी."

"बरं."

वर माथ्यावर पोचल्या तेव्हा क्लब कंटाळून बसला होता आणि शेरिलने सगळ्यांना एका खडकावर ओळीने बसवून ठेवलं होतं, म्होरकीपणा अंगात आल्यासारखी. कोरलने पूर्ण उतारावरून नजर फिरवली. एक फूल वाकून बघितलं.

"कशी आहेत?" नोएलने मान चोळत विचारलं.

"छान आहेत. माझ्या न्हाणीघरातली मोठी आहेत."

नोएलला काही कळलं नाही, पण तो सज्जन माणूस, मान हलवली आणि "आई गं" म्हणाला.

उतरताना ग्लेनिस पुढे होती. वेग कमी करायचा तिने प्रयत्न केला, तो पहिल्या वळणापर्यंत टिकला. गाड्यांपाशी पोचल्यावर मात्र ती कोरलच्या गाडीमागे आपली गाडी काढून गावात आली, आपल्या घरापाशी न थांबता पुढे कोरलच्या फाटकाशी थांबली. फाटक होतं, फक्त त्याच्या पुढे घर नव्हतं. दोघी आत गेल्या. ढिगारा सरकारी माणसांनी कधीच नेला होता. उरलेल्या फरशीच्या फटींतून गुलाबी फुलं वर आली होती, जिथे टब होता तिथे सगळ्यांत दाट.

ग्लेनिसला लगेच चार तणं दिसली, एक वाकडी वीट दिसली. ती वाकली.

"हात लावू नकोस," कोरल म्हणाली.

ग्लेनिस जोत्याच्या उरलेल्या कट्ट्यावर बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. कोरलने थर्मासमधला उरलेला गार चहा ओतला आणि तिच्या पद्धतीने, घोटाघोटाने प्यायला लागली. ऊन कातळावरून उतरत होतं. ग्लेनिसचे पाय हलत होते, पण ती बसली होती आणि बघत होती.

सोमवारी कोरलने सही केली.

पंधरा दिवसांनी मुलगा न्यायला आला. सामान ते काय असणार, सगळं जळलेलं. नव्याने घेतलेलं होतं ते त्याच्या गाडीच्या डिकीत मावलं, वर मांजराची पेटी. तरी ग्लेनिसने "असं नाही भरायचं रे" म्हणत सगळं बाहेर काढून पुन्हा भरलं. मग आणखी एकदा. मुलगा घड्याळ बघायला लागला तेव्हा कोरल त्याला म्हणाली, "भरू दे तिला. आपल्याला घाई नाही."